शटलवरची लेस: पहिल्या गाठीपासून रुमालाच्या काठापर्यंत

टॅटिंग म्हणजे शटल या छोट्या साधनाने दोऱ्याच्या गाठी घालत लेस करण्याची कला. तिच्यात गाठ एकच. रुमालाच्या कडेची बोटभर रुंद लेस असो किंवा टेबलावर घालायचा ताटाएवढा गोल असो, जवळून पाहिलं तर तीच एक गाठ हजारो वेळा एकीला एक लागून बसलेली दिसते. क्रोशासारखे साखळी, खांब, मुका खांब असे वेगवेगळे टाके इथे शिकावे लागत नाहीत. पण ही एकुलती एक गाठ हाताला लागेपर्यंत पुढचं काहीच जमत नाही, आणि टॅटिंग सोडून देणाऱ्या बहुतेक जणी नेमक्या तिथेच, पहिल्या दोन-तीन दिवसांत सोडतात. म्हणून या लेखात त्या गाठीवर मी मुद्दाम जास्त वेळ थांबणार आहे. पुढचं सगळं त्यामानाने सोपं आहे.

मला हे काम आत्याने शिकवलं. तिच्या पोलक्यांच्या बाह्यांना आणि घरातल्या प्रत्येक बाळाच्या झबल्याला हीच लेस असायची. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ती शटल हातात घ्यायची. एका कुकरमागे दोन-तीन रिंगा, म्हणजे गाठींची छोटी कडी, होत. टॅटिंगला वेगळा वेळ काढावा लागत नाही हे तिथे पाहिलं. सगळं सामान चष्म्याच्या डबीत मावतं. काम मध्येच ठेवलं तरी उसवत नाही, कारण प्रत्येक गाठ जागच्या जागी पक्की असते.

सामान

शटल म्हणजे होडीच्या आकाराचं छोटं साधन. दोन पाती, मध्ये एक खांब आणि दोन्ही टोकांना पाती एकमेकींना टेकलेली. दोरा त्या टोकांमधून सुटताना टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज येतो. जर्मन भाषेत या कामाचं एक नावच ‘छोट्या होडीचं काम’ अशा अर्थाचं आहे. इटालियन लोक याला ‘कियाक्किएरिनो’ म्हणतात, त्यात गप्पा मारण्याचा अर्थ आहे. गप्पा मारता मारता हात चालतो, म्हणून मला हे नाव फार आवडतं. प्लास्टिकचं साधं शटल ऑनलाइन सहज मिळतं. एका टोकाला हुकासारखा आकडा असलेलं घेतलंत तर रिंगा एकमेकींना जोडताना वेगळी सुई उचलावी लागत नाही. शटल येईपर्यंत थांबवत नसेल, तर जाड पुठ्ठ्याचा पाच-सहा सेंटीमीटर लांबीचा तुकडा कापा, दोन्ही टोकांना खाच पाडा आणि त्यावर दोरा गुंडाळा. शिकण्यापुरतं ते चालतं.

दोरा मर्सराइज्ड सुती हवा, म्हणजे क्रोशासाठी मिळतो तो पिळाचा, चकचकीत दोरा. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, त्यावरून हे नाव पडलं. अशा दोऱ्याला कुसं कमी असतात आणि आतला दोरा गाठींमधून नीट सरकतो. लोकर किंवा भरतकामाचा सुटा रेशमी दोरा सुरुवातीला घेऊच नका. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. शिकायला १० किंवा २० नंबर घ्या, ४० नंबर हात बसल्यावर. पुण्यात तुळशीबागेत किंवा मुंबईत दादरला शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात अँकर कंपनीचे क्रोशाच्या दोऱ्याचे गोळे मिळतात. रंग फिका निवडा. काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात गाठी मोजताच येत नाहीत.

याखेरीज ०.६ ते ०.७५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, बोथट टोकाची बारीक सुई, छोटी कातरी आणि दोन सेफ्टी पिना. बास.

शटलच्या मधल्या खांबाला भोक असतं. त्यातून दोरा ओवून गाठ मारा आणि मग गुंडाळा. पात्यांच्या कडेबाहेर दोरा येऊ देऊ नका. जास्त भरलं की टोकं फाकतात, मग शटल हातातून खाली पडलं की दोरा भसाभसा सुटत जातो.

गाठ, आणि तिचं उलटणं

मराठीत गाठींचे दोन प्रकार आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. ओढली की सुटते ती सुरगाठ, सुटत नाही ती निरगाठ. टॅटिंगची गाठ या दोन्हींच्या मधली आहे. ती सुटत नाही, पण आतल्या दोऱ्यावर मण्यासारखी सरकते. सरकते म्हणूनच रिंग आवळता येते. सरकली नाही तर तुम्ही नकळत निरगाठ मारली आहे.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून पहिल्या दिवशी दोन रंगांचे दोरे घ्या. शटलवर लाल, गोळ्यातला पांढरा. दोघांची टोकं एकत्र बांधा. मी उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी लिहिते आहे, डावखुऱ्यांनी आरशात पाहिल्यासारखं सगळं उलट धरावं.

बांधलेली गाठ डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा. पांढरा दोरा बाकीच्या तीन बोटांच्या पाठीवरून नेऊन करंगळीला दोन-तीन वेढे द्या, म्हणजे तो निसटणार नाही. बोटं जरा फाकवलीत की चिमटी आणि मधलं बोट यांच्यामध्ये पांढरा दोरा ताणलेला दिसेल. सगळं काम या दोन-तीन सेंटीमीटरच्या तुकड्यावर होतं. शटल उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत आडवं धरा. चिमटीपासून शटलपर्यंत वीतभर लाल दोरा पुरे.

पहिली अर्धी गाठ: लाल दोरा उजव्या हाताच्या बोटांच्या पाठीवरून घ्या. शटल पांढऱ्या दोऱ्याखालून सरकवत पलीकडे न्या आणि पांढऱ्याच्या वरून, लाल दोऱ्याच्या फासातून परत आणा. आता लाल दोरा पांढऱ्याभोवती वळलेला दिसेल. बहुतेक जणी इथे खूश होऊन गाठ आवळतात, आणि तिथेच चुकतं.

थांबा. आता डाव्या हाताची बोटं सैल सोडा. खरोखर सैल, पांढरा दोरा लोंबला पाहिजे. मग उजव्या हाताने लाल दोरा सरळ, ताठ ओढा. नजर गाठीवर ठेवा. क्षणभरात वेढा एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो: लाल दोरा सरळ तारेसारखा होतो आणि पांढरा त्याच्याभोवती वळतो. हेच ते उलटणं. लाल ताठ ठेवूनच डावं मधलं बोट हळूहळू वर उचला. पांढरा वेढा लाल दोऱ्यावरून सरकत चिमटीत येऊन बसेल. तो अंगठ्याखाली धरून ठेवा.

दुसरी अर्धी गाठ याच्या उलट. लाल दोरा हातावरून घ्यायचा नाही, खाली सोडायचा. शटल आधी पांढऱ्याच्या वरून पलीकडे न्या आणि खालून परत आणा. पुन्हा डावा हात सैल, लाल ताठ, उडी, आणि मधलं बोट वर. या दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण गाठ होते. बॅगेला नावाची चिठ्ठी अडकवताना दोरीचा फास करून दोन्ही टोकं त्यातून ओढून घेतो, तसाच तिचा आकार दिसतो.

प्रत्येक पूर्ण गाठीनंतर लाल दोरा मागे-पुढे हलवून पाहा. गाठ पांढरीच दिसली आणि लाल आतून सरकला तर बरोबर. गाठीत लाल ठिपका दिसला आणि दोरा अडला, तर ती अर्धी उलटलेली नाही. बोथट सुईच्या टोकाने ती लगेच सोडवा. पुढे पाच गाठी घालून मग लक्षात आलं तर सोडवणं जिकिरीचं होतं.

पहिले तीन-चार दिवस फक्त हेच करा. पन्नास गाठींची एक ओळ घाला आणि शेवटी लाल दोरा पूर्ण ओढून काढा. सगळ्या पांढऱ्या गाठी सैल होऊन एक साधा दोरा हातात उरला, तर पन्नासच्या पन्नास गाठी बरोबर होत्या. आत्याने माझी परीक्षा अशीच घेतली होती. मला ती पास व्हायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात तिने मला एकही रिंग करू दिली नाही. आज मी कोणालाही शिकवते तेव्हा हाच नियम पाळते.

रिंग आणि पिको

आता एकच दोरा. शटलच्या दोऱ्याचं टोक चिमटीत धरा, दोरा डाव्या हाताच्या बोटांभोवती पूर्ण फिरवून परत चिमटीत आणा. हातावर कडं तयार झालं. आता गाठ या कड्यावर बसेल आणि शटलचा दोरा तिच्या आतून धावेल. हालचाली त्याच, फक्त करंगळीचे वेढे नाहीत. गाठी घालत गेलं की कडं लहान होतं. मग बोटांकडची बाजू ओढली की शटलकडून दोरा गाठींतून येतो आणि कडं पुन्हा मोठं होतं.

पाच गाठी झाल्या की पिको. सहावी गाठ पाचवीला चिकटून न घालता अर्धा सेंटीमीटर अंतर सोडून घाला, पूर्ण करा आणि मग सरकवून पाचवीजवळ आणा. मधला मोकळा दोरा वर उचलला जाऊन छोटा फास होतो, तोच पिको. साडीला फॉल-पिको करून घेतो त्यातला पिको शब्द हाच. पिकोची उंची सोडलेल्या अंतराच्या निम्मी होते. जोडायचे पिको छोटे ठेवा, शोभेचे थोडे मोठे चालतील. मात्र एका लेसमध्ये सारख्या जागचे पिको सारखे हवेत. त्यासाठी जाड कागदाची पट्टी कापून दोन गाठींच्या मध्ये धरली की माप चुकत नाही.

नमुन्यात ‘५-५-५-५’ असं लिहिलेलं असतं. पाच गाठी, पिको, पाच गाठी, पिको, पाच गाठी, पिको, पाच गाठी असा त्याचा अर्थ. आडवी रेघ म्हणजे पिको. वीस गाठी झाल्या की चिमटी घट्ट ठेवून शटलचा दोरा हळू, एका संथ ओढीत खेचा. कडं लहान होत जाईल आणि पहिली गाठ शेवटच्या गाठीला येऊन भिडेल. झटका देऊ नका. बारीक दोरा असेल तर तो झटक्याने तुटतो, आणि आतला दोरा तुटला की रिंग गेली.

जोड

१८५० मध्ये लंडनमध्ये एलिओनोर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर यांनी टॅटिंगवर पुस्तिका काढली, त्या सुमारास रिंगा सुट्या करून सुईदोऱ्याने एकमेकींना बांधण्याची पद्धत होती. काम चालू असतानाच जोडण्याची सोय त्यानंतर रुळली, आणि टॅटिंग खऱ्या अर्थाने लेस झालं.

जोड असा द्या. पहिली रिंग आवळली की सुमारे सहा मिलिमीटर दोरा मोकळा सोडून दुसरी सुरू करा. पाच गाठी घाला. आता पहिल्या रिंगेचा शेवटचा पिको हातावरच्या कड्याच्या दोऱ्यावर ठेवा. पिकोतून क्रोशाची सुई घालून कड्याचा दोरा फास करून वर ओढा, त्या फासातून शटल पार करा आणि फास सैल करत पूर्ववत बसवा. जोडाला गाठ म्हणून मोजायचं नाही. त्यापुढे पुन्हा पाच गाठी, पिको, पाच, पिको, पाच आणि रिंग बंद. नमुन्यात हे ‘५+५-५-५’ असं लिहितात. जोड दिल्यावर शटलचा दोरा सरकतो की नाही हे तपासल्याशिवाय पुढची गाठ घालू नका.

अशा वीस रिंगांची पट्टी करा. ती तुमची पहिली लेस. पुस्तकात खूण म्हणून ठेवा. माझी पहिली पट्टी अजून माझ्याकडे आहे, तिच्या सातव्या रिंगेचा पिको बाकीच्यांच्या दुप्पट आहे.

चेन आणि रुमालाचा काठ

रिंगांमधला मोकळा दोरा झाकून तिथे कमान हवी असेल तर चेन. तिला दोन दोरे लागतात. शटल भरल्यावर दोरा कापूच नका, गोळा तसाच जोडलेला ठेवा, म्हणजे सुरुवातीला गाठ मारावी लागत नाही. रिंग बंद झाली की काम पान उलटावं तसं उलटा, रिंगेचं डोकं खाली जाईल. गोळ्याचा दोरा डाव्या हातावरून घेऊन करंगळीला गुंडाळा, म्हणजे पहिल्या दिवशी दोन रंगांनी केलं तसंच. गाठी गोळ्याच्या दोऱ्याच्या, आत शटलचा. चेन झाली की शटलचा दोरा जरासा ओढा, कमान आपोआप वळते. मग काम पुन्हा उलटून पुढची रिंग.

रुमालासाठी हा नमुना घ्या: रिंग ५-५-५-५, उलटा, चेन ५-५, उलटा, रिंग ५+५-५-५, आणि असंच पुढे. रिंगेचा मधला पिको कापडाला शिवायचा, चेनचा पिको बाहेरच्या बाजूला शोभेला राहतो.

सुती रुमाल आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि लेसला चुण्या पडतात. किती रिंगा लागतील हे कोणाच्या आकड्यावरून ठरवू नका, प्रत्येकीचा हात वेगळा आवळतो. दहा रिंगा करा, न ताणता मोजपट्टीवर ठेवा आणि रुमालाच्या बाजूला त्या मापाने भागा.

कोपऱ्यावर लेस वळायला जागा लागते. तिथली रिंग शेजारच्या कोणत्याच रिंगेला जोडू नका, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चेन ५-५ ऐवजी ८-८ करा. कोपरा झाला की तो लगेच कापडावर ठेवून पाहा. ताणला जात असेल तर आणखी दोन-दोन गाठी वाढवा. चारी कोपरे झाल्यावर शेवटची रिंग पहिलीला कामातच जोडायचा प्रयत्न पहिल्या रुमालात करू नका, दोरा पीळ खातो. ते दोन पिको मागाहून सुईने एकत्र बांधा, दिसत नाही. मग लेसच्याच रंगाच्या शिवणाच्या दोऱ्याने प्रत्येक मधला पिको रुमालाच्या दुमडीला दोन बारीक टाक्यांनी शिवा.

चुकलं तर

बंद केलेली रिंग उघडता येते, पण नशिबावर नाही, पिकोवर. शेवटच्या पिकोच्या दोन्ही बाजूंच्या गाठी नखांनी हळूच दूर करा. पिको आडवा होईल आणि मधोमध आतला दोरा दिसेल. सुईच्या टोकाने तो उचला, थोडा थोडा सैल करत तळापर्यंत आणा. पिको नसलेली रिंग अशी उघडत नाही, म्हणून मोजणीचा भरवसा नसताना पिको नसलेल्या रिंगा करू नयेत.

दोरा वळून गोंडे पडायला लागले तर शटल हवेत लोंबकळत सोडा. ते गरगर फिरून पीळ काढून टाकतं. दर चार-पाच रिंगांनी हे करावंच.

शटलवरचा दोरा संपत आला असेल तर नवा दोरा रिंग आणि चेन यांच्या मधल्या ठिकाणीच जोडा. रिंगेच्या मध्ये गाठ आली तर ती गाठ इतर गाठींतून सरकणार नाही आणि रिंग बंद होणार नाही. मी एकदा लोकलमध्ये उतरायच्या घाईत हेच केलं आणि घरी येऊन चार रिंगा कापाव्या लागल्या. तेव्हापासून नवी रिंग सुरू करण्याआधी शटलवर नजर टाकते, तीन-चार वेढेच उरले असतील तर आधी शटल भरते.

मध्येच उठावं लागलं तर हातावरच्या कड्यात सेफ्टी पिन अडकवा आणि किती गाठी झाल्या ते कागदावर लिहा. शक्यतो रिंग बंद करूनच उठा. रोज वीस मिनिटं बसलात तरी लहान रुमालाला काही आठवडे लागतात. सलग तीन तास केलंत तर मनगट आणि मान दुखते, आणि शेवटच्या तासातली ओढ पहिल्या तासापेक्षा घट्ट येते. लेसमध्ये तो फरक स्पष्ट दिसतो.

टोकं लपवणं आणि खळ

शेवटची टोकं नुसती गाठ मारून कापू नका, धुण्यात निसटतात. दोन टोकांची गाठ मारा, प्रत्येक टोक बोथट सुईत ओवून शेजारच्या सात-आठ गाठींच्या मागच्या बाजूने, दर गाठीच्या वेढ्याखालून न्या, आणि मगच कापा.

पूर्ण झालेली लेस कोमट पाण्यात सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवा. चोळायचं नाही, तळहातांत दाबायचं. मूठभर साबुदाणा भरपूर पाण्यात शिजवून, गाळून, पातळ खळ करा. ती बोटाला चिकटली नाही पाहिजे, नुसती गुळगुळीत लागली पाहिजे. ओली लेस त्यात बुडवून, जुन्या टॉवेलमध्ये दाबून, उशीवर किंवा थर्माकोलवर पसरा. प्रत्येक पिको सुईच्या टोकाने उघडून त्यात न गंजणारी टाचणी टोचा. साधी लोखंडी टाचणी ओल्या दोऱ्यावर तांबूस डाग पाडते आणि तो डाग जात नाही. पावसाळ्यात लेस वाळायला दोन दिवसही लागू शकतात. टाचण्या तोवर काढू नका, आणि खळ लावलेली लेस ओलसर डब्यात ठेवू नका, झुरळं लागतात.